बर्फाविना स्कीइंग : नागपुरात राहून क्रॉस-कंट्रीची तयारी

हिवाळी ऑलिंपिकमध्ये लहान देशांचे, किंवा बर्फाशी फारसा संबंध नसलेल्या देशांचे स्कीपटू बहुतेक दोनच ठिकाणी दिसतात. एक अल्पाइनच्या, म्हणजे उतारावरून गेटांमधून वळत येण्याच्या, स्लॅलम आणि जायंट स्लॅलममध्ये, दुसरं क्रॉस-कंट्रीत, म्हणजे चढ, सपाटी आणि उतारावरून लांब पल्ला कापण्याच्या शर्यतीत. नागपूरच्या माणसाने दुसरं निवडावं. अल्पाइनला उतार लागतो, लिफ्ट लागते, गेट रोवलेला कडक बर्फ लागतो आणि हे सगळं महिनोन्महिने लागतं. लिश्टेनस्टाइन हा जेमतेम चाळीस हजार वस्तीचा देश. त्याच्या नावावर अल्पाइनची दहा ऑलिंपिक पदकं आहेत आणि १९८० मध्ये लेक प्लॅसिडला हान्नी वेंझेलने एकटीने दोन सुवर्ण व एक रौप्य नेलं. पण त्यांच्या दाराबाहेर आल्प्स आहे, आपल्या दाराबाहेर वर्धा रोड.

क्रॉस-कंट्रीचं तसं नाही. तिथे निम्म्याहून जास्त काम फुप्फुसं, पाठ आणि दंड करतात आणि त्यांची तयारी डांबरावर चाकांच्या स्कीवर, म्हणजे रोलर स्कीवर होते. केनियाचा फिलिप बोइट मुळात मध्यम पल्ल्याचा धावपटू होता. १९९८ मध्ये नागानोला १० किमी शर्यतीत तो विजेत्या ब्यॉर्न डेलीच्या वीस मिनिटं मागे, सगळ्यात शेवटी आला, पण आला. टोंगाचा पिटा ताउफातोफुआ तायक्वांदोतून आला आणि २०१८ मध्ये प्यॉंगचांगला १५ किमी स्की करून गेला. त्याच शर्यतीत भारताचा जगदीश सिंग १०३ वा होता.

आधी गुणांचं गणित

सामान घेण्याआधी हे गणित समजून घ्या, कारण सरावाची दिशा यावरून ठरते. आंतरराष्ट्रीय स्की महासंघ, म्हणजे एफआयएस, प्रत्येक शर्यतीत गुण देतो आणि इथे गुण जितके कमी तितकं चांगलं. सूत्र सोपं आहे: तुमच्या वेळेला विजेत्याच्या वेळेने भागा, एक वजा करा, उरलेल्याला शर्यतीच्या प्रकाराच्या आकड्याने गुणा आणि त्यात त्या शर्यतीची पेनल्टी मिळवा. ठरावीक अंतराने एकेक जण सुटतो त्या इंटरव्हल स्टार्ट शर्यतीचा आकडा ८००, स्प्रिंटचा १२००, सगळे एकदम सुटतात त्या मास स्टार्टचा १४००. पेनल्टी किती, हे त्या दिवशी किती तगडे स्पर्धक उतरले यावर ठरतं. तगडे जास्त असले की पेनल्टी कमी.

समजा विजेत्याला ३० मिनिटं लागली, तुम्हाला ३८ आणि पेनल्टी ६०. इंटरव्हल स्टार्टला तुमचे गुण २७३ होतात. तीच वेळ मास स्टार्टमध्ये दिली तर ४३३. प्यॉंगचांग आणि बीजिंग या दोन्ही खेळांसाठी प्रत्येक देशाला मिळू शकणाऱ्या एका मूळ जागेची अट लांब पल्ल्याच्या पाच सर्वोत्तम शर्यतींच्या सरासरीत ३०० गुणांच्या आत, अशी होती. म्हणजे याच पायांनी एका शर्यतीतून जागेच्या आत आणि दुसरीतून बाहेर. खर्च मर्यादित असेल तर मास स्टार्टसाठी विमानाचं तिकीट काढूच नका. शिवाय मास स्टार्टमध्ये पुढच्यांनी एक फेरी गाठली की मागच्यांना अनेकदा थांबवतात. पैसे जातात आणि निकालही हाती लागत नाही.

हेच उलट मांडलं की सरावाचं लक्ष्य मिळतं. पेनल्टी ६० धरली तर ३०० च्या आत राहायला विजेत्याच्या वेळेपेक्षा जास्तीत जास्त ३० टक्के मागे राहता येतं. त्याला ३० मिनिटं, तर तुम्हाला ३९. अटी दर ऑलिंपिकला बदलतात, तेव्हा पात्रतेचा काळ सुरू होण्याआधी ताजं परिपत्रक वाचा. सूत्राची जात मात्र हीच राहते.

रोलर स्कीच्या एफआयएस शर्यतींचे गुणही कामी आलेले आहेत. पिटाने २०१८ चे बरेचसे गुण तसेच जमवले आणि बर्फावरची शर्यत आइसलंडमधल्या इसाफ्योर्दुरला अगदी शेवटच्या क्षणी पूर्ण केली. पण प्यॉंगचांगला त्याला ५६ मिनिटं ४१ सेकंद लागली, विजेत्या डारियो कोलोन्याला ३३ मिनिटं ४४ सेकंद. पेनल्टी शून्य धरूनही हे ५४४ गुण होतात. जगदीश सिंगने साधारण ४३ मिनिटं घेतली, म्हणजे २२० च्या आसपास. तो सैन्यातला, गुलमर्गच्या बर्फात घडलेला. डांबर आणि बर्फ यांच्यात केवढं अंतर आहे ते या दोन आकड्यांवरून दिसतं. नागपूरकराने पहिल्या दिवसापासून हेच अंतर कमी करण्याच्या मागे लागायचं आहे.

अल्पाइनवालेही शर्यती निवडूनच खेळतात. काश्मीरच्या आरिफ खानने २०२२ च्या बीजिंगसाठी स्लॅलमची पात्रता दुबईत, छताखालच्या बर्फावर मिळवली. यात कमीपणा काही नाही.

क्लासिक की स्केटिंग

दोन तंत्रं आहेत. क्लासिकमध्ये दोन्ही स्की आखलेल्या चरांतून समांतर चालतात. फ्रीमध्ये स्केटसारखं तिरकं ढकलायचं असतं. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची इंटरव्हल स्टार्ट शर्यत २०१४ ला क्लासिक होती, २०१८ ला फ्री, २०२२ ला क्लासिक आणि २०२६ ला १० किमी फ्री. हा पाळीचा क्रम टिकला तर फ्रेंच आल्प्समधल्या २०३० च्या खेळांत क्लासिक येईल. लांबचा विचार असेल तर क्लासिक विसरून चालणार नाही.

सुरुवात मात्र स्केटिंगने करा. नागपुरात इनलाइन स्केटिंगचे पोट्टे भरपूर आहेत. पाच-सहा वर्षं चाकांवर काढलेल्या मुलाला एका पायावर तोल कसा धरायचा हे शिकवावं लागत नाही. क्लासिकच्या रोलर स्कीमध्ये एका चाकाला उलटं न फिरणारी खटकी असते. ती पाय मागे सटकू देत नाही, त्यामुळे किक, म्हणजे पायाने मागे दिलेला रेटा, कितीही चुकीच्या वेळी मारली तरी पकड मिळते. बर्फावर तीच किक सपशेल घसरते. डांबरावर डायगोनल चालीत, म्हणजे चालताना जातात तसे उलटसुलट हात-पाय टाकण्यात, पटाईत झालेली माणसं पहिल्या दिवशी बर्फाच्या चढावर जागच्या जागी पाय मारत उभी असतात, त्याचं कारण ही खटकी. म्हणून क्लासिकच्या चाकांवर मुख्यतः डबल पोलिंग करा, म्हणजे दोन्ही पोल (हातातल्या काठ्या) एकदम टेकवून स्वतःला पुढे ढकला. किकचा सराव चढावर पोल घेऊन उड्यांच्या चालीने करा. त्यासाठी पोल क्लासिकच्या पोलपेक्षा सुमारे दहा सेंटीमीटर आखूड हवेत.

सामान

पहिले पैसे बुटांवर घाला. क्रॉस-कंट्रीचे बूट टाचेला मोकळे असतात, फक्त पुढच्या दांडीने बाइंडिंगला, म्हणजे स्कीवरच्या पकडीला, अडकतात. रोलर स्कीवर आणि बर्फाच्या स्कीवर एकच जोडी चालावी म्हणून दोन्हीकडे एनएनएन जातीचं बाइंडिंग ठेवा. जुन्या एसएनएस जातीचे बूट कोणी स्वस्तात देऊ केले तर नाही म्हणा, त्याची बाइंडिंग आता नवी मिळत नाहीत. बूट पातळ मोजे घालूनच मापा. नागपूरच्या घामात जाड मोज्यांनी पायाची साल निघते.

स्केटिंगच्या रोलर स्कीला साधारण १०० मिमी व्यासाची, २४ मिमी रुंदीची रबरी चाकं असतात, दोन्ही टोकांना एकेक. क्लासिकची चाकं लहान आणि रुंद. दांडा ॲल्युमिनियमचा न घेता काँपोझिटचा घ्या. आपल्या रस्त्यांचा खडबडीतपणा ॲल्युमिनियम थेट नडगीपर्यंत पोचवतं. चाकांच्या वेगाचे नंबर प्रत्येक कंपनीचे वेगळे, तेव्हा विकत घेताना मध्यम किंवा मंद चाकं हवीत असं शब्दांत सांगा. वेगवान चाकांवर किलोमीटर छान दिसतात, पण अंग घडत नाही, आणि बर्फ कधीच इतका सैल सुटत नाही. नवी जोडी साधारण २५० ते ४०० युरोंना पडते. सीमाशुल्क आणि टपालखर्च वेगळा. बेअरिंग पावसाळ्यात गंजतात, ती बदलता येतील अशी जोडी निवडा.

पोलची लांबी उंचीवर ठरते. स्केटिंगला उंचीच्या सुमारे ९० टक्के, क्लासिकला बुटांसकट उंचीच्या ८३ टक्क्यांहून जास्त नाही. क्लासिकची ही मर्यादा नियमातच आहे. १७० सेंटीमीटर उंचीच्या माणसाला स्केटिंगचे १५३ च्या आणि क्लासिकचे १४१ च्या आसपास बसतात. रस्त्यासाठी टोकं कार्बाइडची लागतात आणि त्यांना धार लावायला हिऱ्याची कानस. साध्या कानशीने त्यांवर ओरखडासुद्धा उठत नाही. टोक बोथट झालं की पोल मागे सटकतो, आपण नकळत हात जास्त आवळतो आणि आठवड्याभरात कोपराची बाहेरची बाजू ठणकू लागते. या दुखण्याचं औषध बहुतेक वेळा कानस असते.

टोकं गरम गोंदाने चिकटवलेली असतात. बदलायची असतील तर उकळतं पाणी ओतून पिळून काढा. कार्बनच्या पोलला थेट ज्योत लावू नका, नळी कमकुवत होते. मे महिन्यात बंद गाडीत पोल टाकून ठेवले की हाच गोंद सैल होऊ शकतो आणि टोक पहिल्याच चढावर रस्त्यात राहतं. हेल्मेट, चष्मा, हातमोजे, चमकणारं जॅकेट या गोष्टींवर चर्चा नको. शिकत असताना गुडघे आणि कोपरांची पॅडही घाला.

नागपुरात रस्ता कुठे शोधायचा

आपल्या शहराने गेल्या काही वर्षांत सिमेंटचे रस्ते मनसोक्त घातले. वाहनांना ते ठीक असतील, रोलर स्कीला नाहीत. सिमेंटवर कार्बाइडचं टोक रुतत नाही, प्रत्येक ठोका मनगटातून खांद्यात जातो, धार लवकर जाते आणि दोन पट्ट्यांमधल्या सांध्यात टोक अडकून पोल मोडण्याची भीती असते. डांबरी, बारीक खडीचा, एक ते चार टक्के चढाचा रस्ता शोधा. आधी तो सायकलवर दोनदा फिरा आणि गतिरोधक, गटाराची झाकणं, वाळू साचणारी वळणं, कुत्र्यांचे अड्डे वहीत टिपून ठेवा. हातात दोन लांब काठ्या घेऊन घरंगळत येणारा माणूस कुत्र्यांना अजिबात आवडत नाही. अंगावर आली तर वेग वाढवू नका. थांबा, पोल खाली टेकवा, चालत पुढे जा.

मिहानच्या आतले रुंद रस्ते रविवारी पहाटे लांब पल्ल्याला चांगले. सेमिनरी हिल्सचा चढ छोटा आहे, पण तुकड्यातुकड्यांच्या वेगाच्या कामाला पुरतो. तिथे फक्त चढायचं. उतरताना स्की काढून हातात घ्या. गोरेवाड्याकडचा भाग सकाळी लवकर. फुटाळा, अंबाझरी आणि सिव्हिल लाइन्समधला वॉकर्स स्ट्रीट सोडून द्या, तिथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते आणि पोलचं टोक कोणाच्या पायावर पडलं तर टाके पडतात. रिंग रोडवर ट्रक आहेत, तिथे जाऊच नये. धावण्याच्या सिंथेटिक ट्रॅकवर कोणी प्रेमाने परवानगी दिली तरी पोल नेऊ नका, कार्बाइड त्याची चाळण करतं. पायांच्या चढाईसाठी रामटेकच्या गडाच्या पायऱ्या आहेतच. मे महिन्यात आठवडाभर चिखलदऱ्याला मुक्काम टाकता आला तर फार उत्तम. सुमारे ११०० मीटर उंचीवरची पहाट नागपूरपेक्षा बरीच गार असते आणि घाटात हवे तितके चढ आहेत.

शिकण्याचा क्रम

पहिल्या दिवशी गवतावर. स्की घालून उभं राहा, डावा पाय उचला, उजवा उचला, बाजूला चाला, मुद्दाम पडा आणि उठा. पडताना पोलच्या मुठी जमिनीकडे नेऊ नका, अंगठा त्यातच दुखावतो. नंतर रिकाम्या, सपाट डांबरी जागेत पोलशिवाय स्केटिंग. प्रत्येक ढकलीनंतर नाक, गुडघा आणि पायाचा अंगठा एका उभ्या रेषेत, त्याच स्कीवर पूर्ण वजन. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन्ही स्कींच्या मधोमध उभं राहून पाय फाकवत जाणं. ती डोळ्यांना दिसली नाही तरी चाकांवर दिसते. चाकं आतल्या कडेने झिजत असतील तर वजन स्कीवर नीट जात नाही, असं समजा. दोनशे मीटरमध्ये किती ढकली लागतात ते मोजा. वेग तोच राहून संख्या कमी झाली की प्रगती. चाकं एकसारखी झिजावीत म्हणून अधूनमधून डाव्या-उजव्या स्कीची अदलाबदल करा.

ब्रेक हा शब्द विसरा. बहुतेक रोलर स्कीला तो नसतोच. टाचा बाहेर ढकलून नांगरासारखा आकार केला की वेग कमी होतो, थांबत मात्र नाही. खरी सुटका कडेच्या गवतात पाऊल टाकून धावत सुटण्यात आहे. म्हणून कडेला गवत नसलेला उतार घेऊच नका.

मग डबल पोलिंग, आणि यावर घाई करू नका. हात डोळ्यांच्या उंचीपर्यंत, कोपरं जवळजवळ काटकोनात. टाचा किंचित उचलून सगळं अंग पुढे झुकवा आणि त्या पडण्याचं वजन पोलवर टाका. टोकं बुटाच्या पुढच्या भागाशेजारी टेकली पाहिजेत, पुढे नव्हेत. पुढे टेकली तर आपणच आपल्याला रोखतो. पोटाचे स्नायू आधी काम करतात, दंड नंतर. हात कमरेच्या मागे गेले की सोडून द्या, लगेच अंग वर. फक्त कंबरेतून वाकणाऱ्यांची पाठ तासाभरात धरते, आणि फक्त दंडांनी ओढणाऱ्यांचे हात त्याच्याही आधी. दोन्ही चुकांची परीक्षा एकच: मोबाइलवर बाजूने चित्रण करा आणि पोल टेकतात त्या क्षणी घोट्याचा कोन बघा. नडगी पुढे झुकलेली नसेल तर झुकणं चुकलं आहे.

हे जमल्यावर पोलसकट स्केटिंग. चढावर दोन ढकलींना एकदा पोल मारायचा, त्याला ऑफसेट म्हणतात. सपाट रस्त्यावर प्रत्येक ढकलीला पोल, म्हणजे वन स्केट. वन स्केट दमवतं, आणि म्हणूनच सपाटीवर तेच जास्त करा.

आठवड्याला आठ ते दहा तास मिळत असतील तर चारपंचमांश वेळ इतका सावकाश की सलग बोलता यावं. त्यात रोलर स्की तीनदा, धावणं किंवा पायऱ्या दोनदा. वेगाचं काम एक किंवा फार तर दोनदा: चढावर चार-चार मिनिटांच्या चार-पाच फेऱ्या, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. ताकदीचं दोनदा: पुलअप, डिप्स, एका पायाची बैठक, पोटासाठी प्लँक. पावसात पांढऱ्या पट्ट्यांवर टोकं आणि चाकं दोन्ही निसटतात. त्या दिवशी खिडकीच्या गजाला डोक्याहून उंच रबरी पट्टा बांधा आणि घरातच डबल पोलिंगची वीस-वीस मिनिटं काढा. दिसायला विनोदी आहे, काम चोख होतं.

वेळ मोजून चाचणी घ्यायची असेल तर आधी पंधरा मिनिटं चाकं फिरवून घ्या. रबर गरम झालं की चाकं जास्त वेगाने फिरतात. थंड चाकांची जानेवारीतली वेळ आणि तापलेल्या रस्त्यावरची एप्रिलमधली वेळ शेजारी ठेवली तर प्रगती नसतानाही दिसते. खरी तुलना एकाच तापमानात, एकाच जोडीवर.

ऊन

मार्च ते जून सकाळी साडेसहाच्या आत रस्त्यावरून परत. पारा तिशीवर गेला की वेगाचं काम रद्द, सावकाश काम अर्धं. सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, कमी कपड्यांत वजन करा. किलोभर घटलं म्हणजे लिटरभर पाणी गेलं. एका सरावात शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट नको. नुसतं पाणी ढोसून मीठ भरून येत नाही. ओआरएस, नाही तर मीठ घातलेलं ताक किंवा पन्हं. न्याहारीला पोहे उत्तम, तर्री मात्र विश्रांतीच्या दिवशी. तेल-तिखट सावकाश पचतं आणि पोलिंगमध्ये पोट सारखं आवळलं जातं. चक्कर, अंगावर काटा, घाम अचानक थांबणं यांपैकी काहीही झालं तर सराव तिथेच संपला. सावली, मानेला-काखेत ओलं कापड आणि बोलणं तुटक झालं तर थेट दवाखाना.

आपला खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आणि नेमका तेव्हाच बर्फही असतो.

बर्फावर

गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर आहे, नागपूर ३१० वर. पहिले तीन दिवस चालण्याच्या वेगानेच हिंडा, नाहीतर डोकेदुखीत आठवडा जातो. तिथे भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे. मनालीला अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची गिर्यारोहण संस्था स्कीचे वर्ग घेते, औलीही आहे. नोंदणी करताना नॉर्डिक (क्रॉस-कंट्रीच्या) स्की आणि प्रशिक्षक आहेत का हे स्पष्ट विचारून घ्या, कारण बहुतेक वर्ग अल्पाइनचे असतात. खेलो इंडिया हिवाळी खेळ २०२० पासून होतात. नागपूरच्या मुलामुलींना देशातल्या बर्फावर स्वतःला तोलून बघायची ती जवळची संधी.

तीन आठवड्यांहून कमी मुक्कामाला जाऊ नका. पहिला आठवडा पायांना स्कीची कड समजण्यातच जातो. डांबरावर न येणारी गोष्ट म्हणजे उतार आणि वळणं, त्यामुळे बर्फावरच्या वेळेतला मोठा वाटा उताराला द्या: नांगर, पावलं टाकत वळणं, बसक्या स्थितीत सरळ उतरणं. चढावर मिळवलेली दहा सेकंदं एका पडण्यात जातात. क्लासिकसाठी स्किन स्की घ्या. तळाला केसाळ पट्टी असते, ती मागे घसरू देत नाही आणि पकडीचं मेण लावण्याची भानगड मिटते. वॅक्सचा माणूस सोबत नसलेल्या छोट्या संघासाठी हा मोठाच दिलासा आहे.

ग्लाइड वॅक्स, म्हणजे स्की नीट घसरावी म्हणून तळाला लावायचं मेण, मात्र शिकावं लागतं. तळ ब्रशने साफ करा, तापमानाप्रमाणे निवडलेलं मेण स्कीच्या इस्त्रीने वितळवून पसरवा, खोलीच्या तापमानाला पूर्ण थंड होऊ द्या, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि पुन्हा ब्रश मारा. इस्त्री सतत पुढे सरकत राहिली पाहिजे. कपड्यांची इस्त्री वापरू नका, तिचं तापमान वर-खाली होतं आणि तळ जळतो. जळलेला तळ मेण धरत नाही. फ्लुओरिनचं मेण एफआयएस शर्यतींत २०२३-२४ च्या हंगामापासून बंद आहे, जुने डबे कोणी भेट दिले तरी स्कीला लावू नका. ते स्कीवर सापडलं तर शर्यतीतून बाद.

देशाबाहेर जाऊ शकत असाल तर उन्हाळ्यातही बर्फ मिळतो. फिनलंडमधल्या वुओकाट्टीला १९९७ पासून १.२ किमी लांबीचा स्कीचा बोगदा आहे, स्वीडनच्या तोर्सबीला १.३ किमीचा. एवढ्याच अंतरात पुन्हा पुन्हा फिरायला कंटाळा येतो, पण किकची वेळ दुरुस्त करायला याहून चांगली जागा नाही.

कागद, औषधं आणि शर्यतीचा दिवस

एफआयएसचा क्रमांक आणि शर्यतीची नोंद देशाच्या स्की महासंघाकडूनच होते, खेळाडूला परस्पर करता येत नाही. हंगाम सुरू होण्याच्या तीन-चार महिने आधी पत्रव्यवहार सुरू करा, शेंगेन व्हिसाला तेवढा अवधी लागतोच. स्कीची पिशवी दोन मीटरची असते. तिकिटाआधी विमान कंपनीकडून लेखी होकार घ्या. दिल्लीला विमान बदलावं लागलं तर पुढच्या कंपनीचाही घ्या.

डोपिंगमध्ये अजाणतेपणाला माफी नाही. सर्दीच्या साध्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणापुढे बंद आहे. ताकदीची भुकटी, मग ती जिमवाल्याची असो वा वैद्याची, खाऊ नका. त्यात काय मिसळलं आहे हे डब्यावर लिहिलेलं नसतं. थंड कोरड्या हवेत खोकला आणि छातीत शिट्टी वाजणं नागपूरकरांना सहज होतं. दम्याच्या पंपाची गरज वाटली तर निघण्याआधी डॉक्टरांकडून तपासणीचे कागद करून घ्या. उणे २० अंशांखाली शर्यत घेत नाहीत, पण उणे १२ ला सुद्धा पातळ रेसिंग सूटमध्ये बोटं बधिर होतात. सुरुवातीपर्यंत जाड पँट आणि मिटन चढवून राहा, तीन मिनिटं आधी काढा.

आदल्या संध्याकाळी संघप्रमुखांची बैठक असते. संघात एकटेच असाल तरी जा, मार्गातले बदल तिथेच कळतात. वेळ मोजायची चिप दोन्ही घोट्यांना बांधतात, त्या आपल्या हाताने तपासा. इंटरव्हल स्टार्टला नेमलेल्या वेळेच्या तीन सेकंद आधीपासून तीन सेकंद नंतरपर्यंत सुटता येतं, त्याआधी सुटलात तर चूक धरली जाते. उशीर झाला तर तुमचं घड्याळ यादीतल्या वेळेपासूनच चालू असतं. पोल मोडला तर कोणाकडूनही दुसरा घेता येतो. स्की मात्र मोडली किंवा खराब झाली तरच बदलता येते. प्यॉंगचांगला टोंगाच्या पिटाने आणि मेक्सिकोच्या हर्मान माद्रासोने पात्रतेचा सराव आणि प्रवास एकत्रच केला होता. तशी ओळख शोधा. ज्या चढावर पोल मोडण्याची भीती जास्त, तिथे तुमच्या मापाचा जादा पोल घेऊन कोणी उभं असू द्या. सोबत माणूस नसेल तर बैठकीतच शेजारच्या छोट्या देशाच्या प्रशिक्षकाला गाठा, पोलची लांबी सांगा आणि पोल त्याच्या हाती देऊन या.